परवाना शासनाचा, मर्जी कंपनीची

मुंबई-पुण्यासारख्या शहरात भ्रमणध्वनीवरून मागविली जाणारी टॅक्सी चालवून संसार उभा करू पाहणाऱ्या माणसाला आज दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार शासनाचे. तेथे लायसन, बॅज, पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी, गाडीचे परमिट, फिटनेस आणि विमा एवढे सोपस्कार पार पडले, की समाजाच्या वतीने शासन म्हणते, या माणसाच्या हाती प्रवाशांचा जीव सोपविण्यास हरकत नाही. दुसरे दार कंपनीचे. तीच कागदपत्रे पुन्हा सादर करावयाची, चेहऱ्याचे छायाचित्र द्यावयाचे, कित्येक पानांचा करार न वाचता मान्य करावयाचा आणि ‘मंजुरी’ची वाट पाहत बसावयाचे. शासनाची संमती मिळालेला माणूसही या दुसऱ्या दाराशी अडला, तर त्याची गाडी रस्त्यावर उभी असूनही त्याला काम नाही.

ही दोन दारे दिसावयास सारखी असली, तरी त्यांच्यामागची सत्ता निराळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ नुसार परवाना अधिकाऱ्याला एखाद्याचे लायसन काढून घ्यावयाचे असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. आरटीओच्या आवारातील दलाली, खेटे आणि चिरीमिरी कुणाला ठाऊक नाही? तथापि त्या सदोष दारावरही कायद्याची पाटी आहे. कंपनीच्या दारावर तशी पाटी नाही. आयडी ब्लॉक झाल्याचा संदेश येतो आणि त्या क्षणापासून रोजगार संपतो. कोणत्या प्रवाशाने काय तक्रार केली, ती कुणी तपासली, खरी की खोटी ठरली, हे चालकाला कळेलच असे नाही. दाद मागावयाची ती कंपनीच्याच यंत्रणेकडे. म्हणजे फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षेचा लाभार्थी एकच.

शिवाय ही मंजुरी एकदा मिळाली म्हणजे मिळाली, असेही नाही. प्रवाशांनी दिलेले तारे, नाकारलेल्या फेऱ्या, अधूनमधून मागितले जाणारे छायाचित्र यांतून ती रोज नव्याने मिळवावी लागते. सकाळी गेटवर उभे राहून मुकादमाच्या नजरेची वाट पाहणारा बदली कामगार गिरणगावाने पाहिला आहे. त्या कामगाराला मुकादमाचा चेहरा तरी दिसत असे.

चालकांची छाननीच नको, असे कुणी म्हणू नये. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अशाच टॅक्सीच्या चालकाने एका तरुणीवर बलात्कार केला. त्याच्यावर पूर्वीही गंभीर गुन्हे दाखल होते, हे नंतर उघडकीस आले. रात्रपाळीहून घरी परतणाऱ्या परिचारिकेला किंवा दुकानातील नोकरदार स्त्रीला सुरक्षित प्रवासाचा हक्क आहे आणि त्याबाबत श्रमिकांच्या पक्षाने तसूभरही तडजोड करता कामा नये. परंतु छाननी कठोर असणे वेगळे आणि ती मनमानी असणे वेगळे. पडताळणी सार्वजनिक यंत्रणेने करावी, तिच्या चुकांची जबाबदारीही सार्वजनिक असावी. त्यातच प्रवाशाचे आणि चालकाचे, दोघांचेही हित आहे.

आर्थिक दृष्टीने पाहिले, तर या व्यवस्थेचे मर्म अधिक स्पष्ट होते. गाडी चालकाची, तिच्यावरील कर्ज चालकाचे, इंधन व दुरुस्ती चालकाची. भाडे मात्र कंपनी ठरविते, ग्राहक कंपनीच्या ताब्यात आणि दलालीही तिचीच. इचलकरंजीत व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारा खर्चीवाला यंत्रमागधारक ज्या अर्थाने ‘मालक’ असतो, त्याच अर्थाने हा चालक ‘उद्योजक’ आहे. साधन त्याच्या नावावर, सत्ता दुसऱ्याच्या हाती. अनेक चालक कर्ज काढून गाडी घेतात ते या कामाच्या भरवशावर. आयडी बंद होतो, बँकेचा हप्ता बंद होत नाही. म्हणूनच कामावरून काढण्याचा हा अधिकार कारखानदाराच्या अधिकारापेक्षाही भयंकर आहे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या प्रकरणात नेमके हेच ओळखले. भाडे व कराराच्या अटी कंपनी ठरविते, चालकावर सतत नजर ठेवते, म्हणून हे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून कायद्याच्या अर्थाने कामगार आहेत, असा निर्णय तिने दिला नाही, तर न्यायालयाने एकमताने दिला. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सुरक्षा निधीस द्यावी, अशी तीत तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह होय. परंतु त्याच संहितेने या श्रमिकांना पारंपरिक मालक-कामगार संबंधांच्या बाहेर ठेवले आहे. विम्याचा आधार द्यावयाचा आणि नोकरीचा हक्क नाकारावयाचा, हा न्याय अपुरा आहे.

महाराष्ट्राला यातील मार्ग अनोळखी नाही. एका मालकाशी बांधलेला नसलेला हमाल हा कामगारच नव्हे, असा युक्तिवाद एके काळी केला जाई. पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी संघटना बांधल्या आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कामगारांची व मालकांची नोंदणी, लेव्हीची वसुली, त्रिपक्षीय मंडळ, ही त्याची चौकट. काम अनेकांचे, जबाबदारी मात्र निश्चित, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यांतही मंडळ आणि शुल्काची हीच कल्पना दिसते. कर्नाटकाने तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना दिल्याखेरीज श्रमिकाला काढता येणार नाही, असे बंधन घातले. माथाडी कायद्याच्या भूमीने याबाबत मागे का राहावे?

मागण्या स्पष्ट हव्यात. शासनाने एकदा पडताळलेल्या चालकाला काम नाकारावयाचे असेल, तर कंपनीने लेखी कारण द्यावे. गंभीर गुन्ह्याच्या तक्रारीत तात्काळ स्थगिती जरूर असावी. पण ठरावीक मुदतीत सुनावणी व्हावी आणि अपील कंपनीबाहेरच्या त्रिपक्षीय मंडळाकडे असावे. तारे आणि फेऱ्या ज्या सूत्राने मोजल्या जातात, ते सूत्र चालकांच्या संघटनेसमोर खुले करावे. केरळ शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘केरळ सवारी’ सुरू केली, तशा सार्वजनिक किंवा खऱ्याखुऱ्या सहकारी सेवेचाही विचार व्हावा. मात्र सहकाराच्या नावाखाली नवे संचालक-सम्राट निर्माण होणार नाहीत, याची दक्षता साखर कारखानदारीचा अनुभव असलेल्या या राज्याने घ्यावयास हवी.

कार्यकर्त्यांपुढील काम सोपे नाही. काळी-पिवळीवाला आणि रिक्षावाला या नव्या चालकाला शत्रू समजतो. नवा चालक जुन्याला परमिटचा मक्तेदार समजतो. रोजच्या भाड्याने दुसऱ्याच्या परमिटवर राबणारा काळी-पिवळीचा चालक आणि आयडी ब्लॉक होण्याच्या भीतीने चौदा-चौदा तास राबणारा चालक, हे दोघे एकाच बाजूचे आहेत, हे स्टँडवर आणि विमानतळाच्या पार्किंगमध्ये जाऊन पटवून द्यावे लागेल. एका शहरात विखुरलेले हे हजारो श्रमिक परस्परांना ओळखतही नाहीत. त्यांना एकत्र आणणारी संघटना उभी राहिली, तरच कंपनीच्या दारावर कायद्याची पाटी लागेल.