पेन्शनरांची पेटी

माझे आतोबा इंदूरला पोलोग्राउंडवरच्या वीज मंडळाच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि पुढची वीस वर्षे हार्मोनियम दुरुस्त करत बसले. धंदा म्हणून नव्हे, हौस म्हणून. आम्हा गोंयकारांचे देवळातले भजन पेटीवाचून होत नाही. त्यामुळे सुट्टीत इंदूरला गेलो की माझा मुक्काम त्यांच्या टेबलाशीच असायचा. पेटीतला पितळी सूर टोकाशी घासला की चढतो आणि बुडाशी घासला की उतरतो, हे मला तिथे कळले.

एकदा मी त्यांचे कौतुक केले, तर म्हणाले, "अरे, मी कोण? आमच्यासारख्या पेन्शनरांचे गुरू म्हणजे सांगलीचे देवल."

कृष्णाजी बल्लाळ देवल. 'शारदा' नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल यांचे हे बंधू. डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले. नाद मात्र संगीतातल्या बावीस श्रुतींचा. जुन्या ग्रंथांत लिहिल्या आहेत म्हणून त्या मानायच्या, हे त्यांना पुरेसे वाटले नाही. गवयाला गायला लावायचे आणि त्याचा सूर ताणलेल्या तारेवर नेमका कुठे येतो ते मोजायचे, ही त्यांची रीत. आणि गवई कोण, तर अब्दुल करीम खाँ! १९१० साली हे काम इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

या मोजण्यात काय होते ते सांगतो. ३६ इंच तारेचा सूर षड्ज धरला, तर २४ इंचांवर पंचम येतो आणि २८.८ इंचांवर शुद्ध गंधार. म्हणजे षड्जाची २४० कंपने असतील, तर गंधाराची ३००. पण पाश्चात्त्य पद्धतीने सारखे बारा भाग पाडून लावलेल्या पेटीत तोच गंधार ३०२च्या थोडा वर जातो. फरक दोन-अडीच कंपनांचा. तंबोरा लावून बसलेल्या गवयाच्या कानाला तेवढाही खुपतो.

हा दोष काढण्यासाठी देवलांनी ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या जोडीने श्रुती-हार्मोनियमचा घाट घातला. ती लंडनच्या कारखान्यात तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे आली, पण मान्य झाली नाही. भातखंड्यांचा विरोध होताच. आणि खरे सांगायचे तर राग बदलला की सुराची जागाही किंचित हलते, गळ्यातली मींड एकेका पट्टीत बांधता येत नाही. पेटी हरली, हे मान्य करायलाच हवे.

पण प्रश्न हरला नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. त्या वादातही पेटीचे सूर आपल्या संगीताला जुळत नाहीत, हा मुद्दा होताच. बावीस श्रुतींची पेटी करण्याचे प्रयत्न आपल्या काळातही झाले आहेत.

मला वाटते, देवलांच्या हातून हे झाले ते सरकारी नोकरीमुळेसुद्धा. मोजल्याशिवाय मानायचे नाही आणि मोजलेले लिहून ठेवायचे, ही फायलींची सवय आहे. मी स्वतः कारकून आहे, तेव्हा या सवयीची चेष्टा मी पुष्कळ ऐकली आहे. तीच सवय छंदाला लागली की काय होते, हे देवलांनी दाखवले. निवृत्त माणसाच्या खटपटीला आपण 'वेळ घालवणे' म्हणतो. तो वेळ घालवत नसतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामाला लावलेली शिस्त तो पहिल्यांदा स्वतःच्या कामाला लावत असतो.

देवलांनी छापले म्हणून शंभर वर्षांनंतर आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो. आतोबांनीही वही ठेवली होती. कुठल्या पेटीचा कुठला सूर किती घासला, कुठल्या पावसाळ्यात कुठला भाता फुटला, सगळे तारीखवार. ते गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी इंदूरला पोचलो. चांदीचे पेन आणि निरोप समारंभाचा फोटो कपाटात जपून ठेवला होता. टेबल रिकामे होते. वही रद्दीत गेली होती. घरच्यांना बोल लावत नाही, कारण इतकी वर्षे त्या टेबलाशी बसून मीही ती कधी उतरवून घेतली नव्हती.

तुमच्या घरात असे एखादे टेबल असेल, तर आजच वही मागून घ्या.