कापसाची 13 किलोमीटर

शेगावला गेलात तर शेजारच्या जलंब स्टेशनात जरा डोकावा. तिथून खामगावला फुटणारा फाटा जेमतेम 13 किलोमीटरचा, पण 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. कशासाठी? कापूस, बॉस!

आयडिया मात्र जुनीच. वाफेच्या इंजिनाआधी, 1758 च्या मिडलटन रेल्वेवर घोडे कोळशाच्या वाघिणी लीड्सपर्यंत ओढायचे. रुळावर चाक कमी घासतं, त्यामुळे तोच घोडा रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त माल ओढतो. खाण ते गिऱ्हाईक, बस्स! खामगावात घोड्याजागी इंजिन आलं, हिशोब तोच: बाजारपेठ ते मेन लाइन. माणसांचं कोण बघतो?

घाटावरचं बुलडाणा जिल्ह्याचं मुख्यालय, पण तिथे अजून रेल्वे नाही. मुंबईची गाडी धरायची तर आधी एसटीनं मलकापूर गाठायचं.