दिवा कोणी मालवावा?

नाटक ही पाहण्याची वस्तू आहे, असे आपण मानतो. तथापि १५ जानेवारी १९२४ रोजी बी. बी. सी.ने रिचर्ड ह्यूज यांची ‘डेंजर’ ही श्रुतिका लंडनहून प्रक्षेपित केली, तेव्हा श्रोत्यांना घरातील दिवे मालवून ती ऐकण्यास सुचविले होते. वेल्समधील कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि खाण पाहावयास आलेली माणसे अंधारात अडकतात, असे तिचे कथानक. पात्रांचा काळोख आणि श्रोत्यांचा काळोख असा एकच झाला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दिवा मालवणारा हात श्रोत्याचा स्वतःचा होता. घरी काळोखातील नाट्यप्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी हेच सूत्र धरावे.

प्रथम खोलीची परीक्षा करावी. खिडक्यांवर जाड घोंगड्या टांगाव्यात, दाराखालच्या फटीत कापड सारावे, विजेच्या उपकरणांवरील बारीक दिवे झाकावेत. मग आत अर्धा तास बसावे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास सुमारे तेवढा वेळ लागतो, आणि आधी न दिसलेली फट तेव्हा दिसू लागते.

साहित्य घरातच आहे. सुपात तांदूळ हळूहळू फिरविले की पाऊस पडतो. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी बोलले की आवाज खोल विवरातून आल्यासारखा घुमतो. वाळ्याचा ओला पंखा वारा आणि सुगंध दोन्ही देतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कान चटकन ओळखतात. कारण तो एका कानाशी किंचित आधी पोहोचतो. अगदी समोरच्या आणि अगदी पाठीमागच्या आवाजात मात्र कानांची फसगत होऊ शकते. म्हणून पात्रांचे येणे-जाणे बाजूंनी योजावे.

प्रेक्षकांनी भिंतीला टेकून जमिनीवर बसावे व जागा सोडू नये. पात्रांनी अनवाणी, भिंतीलगत बांधलेल्या दोरीच्या आधाराने फिरावे. उदबत्ती, निखारा, गरम भांडे यांस पूर्ण मज्जाव असावा. आधी विचारल्यावाचून कोणासही स्पर्श करू नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटी सांगतो. अंधाराला भिणारे एखादे मूल प्रत्येक घरात असते. कित्येकदा मोठी माणसेही भितात, फक्त बोलून दाखवीत नाहीत. म्हणून ‘पुरे’ हा शब्द आधीच ठरवावा, आणि तो कोणीही उच्चारताच विजेरी लागावी. ती त्या मुलाच्याच हाती द्यावी, हे उत्तम. त्यास हसू नये, ‘थोडेच राहिले’ असे म्हणून थांबवूही नये. हवे तेव्हा उजेड करता येतो, ही खात्री असलेला प्रेक्षकच काळोखात निर्धास्तपणे रमतो. ती खात्री नसेल, तर उरते ती केवळ घाबरवण्याची थट्टा. अशी थट्टा एकदा झाली की ते मूल पुढे कित्येक रात्री दिवा लावून झोपते आणि आपल्याच माणसांचा आवाज ऐकून दचकते. घरच्या रंगभूमीला हे मोल परवडणारे नाही.