मंगलाष्टके म्हणणाऱ्यांनी कायदा मागावा

2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्हा एका बाबतीत महाराष्ट्रात पहिला आला. 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच उरकलेले होते. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे परभणीचे प्रमाण तिच्या दुपटीहून जास्त. यातली बरीच लग्ने गुपचूप लागली असतील, पण विधीवाचून क्वचितच लागली असतील. कुठे गुरुजी मंगलाष्टके म्हणतात, कुठे काझी निकाह पढवतात, कुठे बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात. त्यावाचून लग्न लागले असे गाव मानतच नाही. म्हणूनच जिल्ह्यातल्या दिंड्या, फड, मठ, दर्गे, मशिदी आणि विहार यांनी एकत्र येऊन राज्य विधिमंडळाकडे बालविवाह कायद्यात दुरुस्ती मागावी, असे माझे म्हणणे आहे. सप्ताहात एखादे कीर्तन या विषयावर ठेवून त्यांची जबाबदारी संपत नाही.

आधी कायद्याची अवस्था पाहू. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने असे लग्न लावणे गुन्हा ठरवले. लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण लागलेले लग्न मात्र, काही अपवाद सोडले तर, वैधच राहते. ते रद्द करायचे असेल तर त्या मुलीनेच न्यायालयात जायचे, आणि तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. ती अज्ञान असेल तर अर्ज पालकामार्फत किंवा वादमित्रामार्फत करायचा, आणि पालक बहुधा तोच, ज्याने तिला बोहल्यावर उभे केले. विशीच्या आत कडेवर मूल आलेली, सासरच्या घरात राहणारी मुलगी कुणाच्या आधाराने जिल्हा न्यायालयाची पायरी चढणार? खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला नेमले आहे; ज्या गावात रोज वावरायचे, त्याच गावाविरुद्ध त्याने फिर्याद द्यावी अशी ही रचना. शेजारच्या कर्नाटकाने 2016 मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून बालविवाह मुळातच अवैध ठरवला. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्रालाही तशी दुरुस्ती करता येते.

यावर पहिला आक्षेप धर्मवाल्यांकडूनच येईल: सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये, संतांनी मने बदलली, कायदे मागितले नाहीत. ऐकायला हे भारदस्त वाटते, पण इतिहासाला धरून नाही. पंढरपूरच्या मंदिरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा जाच होतो, ही तक्रार भाविकांची आणि वारकऱ्यांचीच होती. त्यातून सरकारने चौकशी आयोग नेमला, 1973 चा पंढरपूर मंदिरे कायदा आला आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचा दावा निकाली काढला. विठ्ठलाच्या गाभाऱ्यापर्यंत सरकार पोहोचले ते असे, आणि वारकरी संप्रदायाने त्याचे स्वागतच केले. जादूटोणाविरोधी विधेयकाच्या वेळी काही वारकरी संघटनांनी वर्षानुवर्षे विरोध केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर डिसेंबर 2013 मध्ये कायदा संमत झाला तेव्हा त्यात कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. म्हणजे विधेयकातले कलम कसे वाचायचे आणि मंत्र्यापुढे कसे मांडायचे, हे संप्रदायाला चांगले ठाऊक आहे. स्वतःच्या टाळ-मृदंगाला झळ लागू नये म्हणून मुंबई गाठता येते. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी गाठायची वेळ आली की मात्र मने बदलण्याचा मार्ग आठवतो. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी म्हणून मिरवणाऱ्या जिल्ह्याला ही निवड शोभत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. धर्मसंस्थांना एकदा विधिमंडळाचा दरवाजा दाखवला की उद्या त्या आहारावर, पोशाखावर, कुणी कुणाशी लग्न करावे यावरही कायदे मागतील, असे विवेकवादी मित्र म्हणतात. भीती खोटी नाही. पण धर्माला कायद्यापासून दूर ठेवण्याची वेळ केव्हाच टळली आहे. 1891 चे संमतिवयाचे विधेयक घ्या. मुलींच्या शरीरसंबंधाचे संमतिवय दहावरून बारा करायचे, एवढाच प्रश्न होता. परक्या सरकारने आमच्या धर्मात पडू नये, म्हणून टिळकांनी विरोध केला. त्यांना उत्तर दिले डॉ. रा. गो. भांडारकरांनी, आणि तेही धर्मशास्त्राची पाने उलटून. भांडारकर गप्प बसले असते तर शास्त्र फक्त विरोधकांच्या बाजूचे आहे, असाच लोकांचा समज झाला असता. 1947 च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते विठ्ठलाचे नाव घेऊनच. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, तिच्या वाट्याला तसा कायदा हैदराबाद संस्थानाच्या 1358 फसलीतल्या, म्हणजे 1948-49 मधल्या, विनियमाने आला. तेव्हा आज विचारायचे ते इतकेच, की श्रद्धावंत माणूस कायदा मागतो तो कोणासाठी आणि कोणत्या कारणाने. मागणीचा लाभ मागणाऱ्याच्या पंथाबाहेरच्या दुबळ्या माणसालाही मिळाला पाहिजे आणि तिची कारणे नास्तिकालाही तपासता आली पाहिजेत. कोवळ्या वयातले बाळंतपण, सुटलेली शाळा, अंगातले रक्त कमी असणे, ही कारणे त्या कसोटीला उतरतात. पोशाखाचा कायदा उतरत नाही. प्रेरणा पोथीतून आली म्हणून मागणी बाद होत नाही, आणि पोथीत आहे एवढ्यावर ती मान्यही होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो गरिबांच्या बाजूने बोलतो. गंगाखेड-पालमच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मागे राहिलेल्या वयात आलेल्या मुलीला सांभाळायचे कुणी, हा आईबापांचा प्रश्न खरा असतो आणि लग्न हे त्याचे सगळ्यात स्वस्त उत्तर असते. अशा घरावर कायद्याचा आणखी एक बडगा उगारून काय साधणार? शिवाय काही स्त्रीवादी कार्यकर्त्या विचारतात की लग्न मुळातच अवैध ठरले तर त्या मुलीच्या पोटगीचे, तिच्या लेकराच्या वारशाचे काय? मला हे प्रश्न टाळता येत नाहीत, आणि म्हणूनच कर्नाटकाची दुरुस्ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत पोटगी, निवास आणि मुलांचे औरसत्व हे हक्क स्पष्ट लिहून राखले पाहिजेत. शिक्षेचा रोख आईबापांवरून विधी लावणाऱ्याकडे, मंगल कार्यालयाच्या मालकाकडे वळला पाहिजे. वयाचा दाखला पाहून त्याची नोंद ठेवणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्य ठरले पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहे आज शासनाच्या मर्जीवर चालतात, ती कायद्याने बंधनकारक व्हावीत. गरिबी आहे म्हणून कायदा नको, हा युक्तिवाद वेठबिगारीच्या वेळीही झाला होता. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद केली तेव्हा गरिबी काही संपलेली नव्हती.

राहता राहिला प्रश्न, हे धर्मसंस्थांनीच का करावे. ही मागणी स्वयंसेवी संस्था करतच आल्या आहेत, पण आमदाराला त्यांचे भय नाही. भावकीच्या लग्नात पोलीस आणणारा लोकप्रतिनिधी पुढच्या निवडणुकीत पडतो, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब बदलण्याची ताकद ज्या थोड्यांकडे आहे, त्यांत काल्याच्या कीर्तनाला अख्खा गाव जमवणारे महाराज आणि जुम्याच्या नमाजानंतर बोलणारे इमाम येतात. विधी लावणाराच जेव्हा म्हणतो की माझ्यावर दाखला पाहण्याची सक्ती करा, तेव्हा धर्मावर घाला आल्याची ओरड करायला कुणी उरत नाही. दक्षिणा बुडेल, यजमान दुसरीकडे जातील, ही कुरकुर होईलच. सक्ती सगळ्यांवर सारखी असावी लागते ती याचसाठी; एकट्याने नकार देणाऱ्या गुरुजींचा यजमान आज शेजारच्या गावच्या गुरुजींकडे जातो, कायदा झाल्यावर त्याला तो रस्ता उरणार नाही. आषाढीला शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरला जाते, तिथे मुख्यमंत्री महापूजेला येतात, आणि पावसाळी अधिवेशनही साधारण याच सुमाराला भरते. जिल्ह्यातल्या फडकऱ्यांनी, काझींनी आणि बौद्धाचार्यांनी एकाच निवेदनावर सह्या करून ते तिथे द्यावे, आणि त्याची प्रत जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराच्या हाती आधीच पडलेली असावी.