पूर्वजांचे पलायन आणि समीक्षेचे सोवळे

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर आघात केला. अस्सल पत्राच्या कसोटीस बखर उतरत नाही, हे त्यांचे प्रतिपादन इतिहासशास्त्राच्या दृष्टीने रास्त होते. परंतु त्यामुळे बखर वाङ्मयाच्या प्रांतातून हद्दपार झाली नाही. र. वि. हेरवाडकर यांच्या 'मराठी बखर' (१९५७) सारख्या ग्रंथांतून तिचा विचार गद्य वाङ्मयप्रकार म्हणून झाला आणि कालविपर्यास, अतिशयोक्ती, पाल्हाळ हे तिचे केवळ दोष न राहता रचनेची लक्षणेही ठरली. स्थलांतरितांच्या वंशकथेला मात्र हा न्याय क्वचितच मिळाला. छापील कुलवृत्तांत संदर्भग्रंथांच्या कपाटात गेला आणि मौखिक वंशकथा लोकसाहित्याच्या परिशिष्टात. संहिता म्हणून दोहोंचेही वाचन राहून गेले. ही केवळ अनवधानाने घडलेली चूक नव्हे. तिच्यामागे समीक्षेचे एक सोवळे आहे.

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतील भोयर पवार समाजाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. आपले पूर्वज माळव्यातील धारानगरीहून सातपुडा ओलांडून आले, अशी या समाजाची परंपरा आहे. बैतूल आणि छिंदवाडा येथे या समाजाची मोठी वस्ती आहे. वर्धा नदीचा उगमही बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या परिसरातच होतो. नदी ज्या दिशेने खाली उतरते, त्याच दिशेने ही माणसेही उतरली, असे परंपरेच्या आधारे म्हणता येते.

रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींविषयीच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथात या समाजाची उत्पत्तिकथा नोंदवली आहे. औरंगजेबाने धारेला वेढा घातला तेव्हा तटाची पश्चिम बाजू या लोकांकडे होती. त्यांनी माघार घेतली आणि ते शहरात पळाले. सूर्य उगवत होता, त्याचे ऊन त्यांच्या तोंडावर पडले आणि 'भोर' म्हणजे पहाट या शब्दावरून त्यांना भोयर हे नाव पडले. इतर रजपुतांनी त्यांना जातीबाहेर टाकले व ते दक्षिणेकडे आले.

इतिहासाचा पदवीधर ही कथा एका वाक्यात निकालात काढील. धारेची परमार सत्ता १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्यापुढे संपली. माळवा अकबराच्या कारकिर्दीतच मोगलांकडे गेला. औरंगजेबाच्या काळी तेथे राखण्यासाठी परमारांचे राज्यच उरले नव्हते. हा आक्षेप बिनतोड आहे, पण तो जेथे संपतो तेथे समीक्षेचे काम सुरू व्हावयास हवे. या कथेत पूर्वज जिंकत नाहीत, धारातीर्थी पडत नाहीत. ते पळतात आणि पळताना दिसतात. सूर्योदय येथे विजयाची नांदी नसून साक्षीदार आहे. नव्या मुलखाची वाट लज्जेतून निघते. शिवाय नावाची फोड होते ती मराठी 'पहाटे'वरून नव्हे, तर मागे टाकलेल्या प्रदेशातील 'भोर' या शब्दावरून. कथेतील सन चुकीचा असेल. तिचा भावार्थ चुकीचा ठरत नाही.

त्याच पृष्ठावर नावाच्या आणखी दोन व्युत्पत्ती आहेत. एक भागोरे या रजपूत कुळाकडे नेते, दुसरी भोळा अथवा भित्रा अशा अर्थाच्या शब्दाकडे. मान, पलायन आणि उपहास अशा तीन व्युत्पत्ती एकाच नावावर हक्क सांगतात. कोणती घरातील आणि कोणती शेजाऱ्यांनी चिकटवलेली, हे विचारल्याशिवाय हा परिच्छेद वाचताच येत नाही. प्रशासकीय ग्रंथाला केवळ साधन मानणारी समीक्षा हा प्रश्न विचारीत नाही.

दुसरा पक्ष गौरवलेखकांचा आहे. वंशकथेला छापील अक्षराचे तेज चढले की तिच्यातील पळ प्रथम वगळला जातो. उरतो तो राजा भोज, तलवार आणि कुळांची यादी. अपमानित समूहाला प्रतिष्ठेची भूक असावी, यात हसण्यासारखे काही नाही. ज्यांनी ती भूक निर्माण केली त्यांनी तर हसूच नये. पण या शुद्धीकरणाची किंमत मोठी आहे. योद्ध्याचा वंशज होण्याच्या सोसात परागंदा माणसाचा वंशज होण्याचा हक्क गमावला जातो. राजवाडेपंथी संशोधक आणि गौरवलेखक परस्परांचे वैरी भासतात, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: पळालेला पूर्वज दोघांनाही नको आहे.

मॉरिशसचे उदाहरण या कोंडीची दुसरी बाजू दाखवते. १८३४ पासून तेथे गेलेल्या करारबद्ध मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील दफ्तरात मजुराचा क्रमांक, बापाचे नाव, वय, जात, गाव आणि जहाज यांची नोंद सापडते. तेथील वंशजाला नोंद मिळते, कथा मिळतेच असे नाही. आर्वीकडच्या वंशजाला कथा मिळते, पण आलेल्या पूर्वजाची नोंद नाही. नोंद असली की पूर्वज खरा आणि कथा असली की खोटा, हा न्याय दप्तरखान्याचा आहे, वाङ्मयविचाराचा नव्हे.

शिवाय पुरावाच हवा असेल तर तो घरातच होता. माळव्याहून आल्याच्या दाव्याला रसेल-हिरालाल यांनी आधार दिला तो वेढ्याच्या कथेचा नव्हे. भोयरी बोलीचा आणि माळव्याहून येणाऱ्या भाटांचा. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणानेही छिंदवाड्याच्या भोयरीची गणना माळवीच्या मिश्र रूपांत केली. म्हणजे स्थलांतराचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज आजीच्या तोंडी होता. तीच बोली शाळेत 'अशुद्ध मराठी' म्हणून दुरुस्त करावयाची आणि नंतर तिच्या वंशकथेकडे अस्सल कागद मागावयाचा, हा व्यवहार दुहेरी अन्यायाचा आहे.

वर्ध्यातच १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले आणि तेथे डायस्पोरा हा अभ्यासविषयही झाला. समुद्र ओलांडणाऱ्यांना सिद्धांत मिळाला, हे चांगलेच झाले. सातपुडा ओलांडणाऱ्यांना तो का मिळू नये, याचे उत्तर मराठी समीक्षेकडून येणे बाकी आहे. ते देताना पूर्वजाची तलवार शोधण्याचे कारण नाही. त्याच्या तोंडावर पडलेले पहाटेचे ऊन वाचता आले, तरी पुरे.