संगणकाचा जीर्णोद्धार

त्र्यंबकेश्वरी काळ मोजण्याचे माप म्हणजे सिंहस्थ. एका सिंहस्थाला घेतलेले तांब्यापितळेचे भांडे पुढच्या सिंहस्थालाही वापरात असते. संगणकाचे मात्र तसे नाही. २०१५च्या सिंहस्थात इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर नुकतेच बाजारात आले होते. त्यांवर चालणारी यंत्रे २०२७च्या पर्वापर्यंत सहज टिकतील. परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला, थोडे अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच प्रोसेसर लागतो. बारा वर्षांचे एक आवर्तनही पुरे होऊ दिले गेले नाही.

मग प्रोसेसरच बदलावा, असे कोणासही सुचेल. दोन्ही पिढ्यांच्या सॉकेटमध्ये संपर्कबिंदू ११५१च आहेत. तरीही २०१७ साली इंटेलने त्यांची अंतर्गत जुळणी बदलली, नव्या चिपसेटची अट घातली आणि जुन्या मदरबोर्डाची वाट बंद केली. वाढीव गाभ्यांना वीज अधिक लागते, हे त्याचे समर्थन. ते अगदीच पोकळ नाही. परंतु एएमडीच्या एएम४ सॉकेटचा दाखला वेगळेच सांगतो. २०१७च्या कित्येक मदरबोर्डांवर बायॉस अद्ययावत केल्यास २०२२चा प्रोसेसरही चालतो. तेव्हा हा प्रश्न केवळ तंत्राचा नव्हे, इच्छेचाही आहे, असे आमचे मत आहे.

पूजेच्या पावत्या, मराठी पत्रे, मुलांचा अभ्यास एवढीच कामे असलेल्या घराने यंत्र भंगारात काढण्याची घाई करू नये. त्याच बोर्डावर चालणारा आय-थ्रीऐवजी आय-सेव्हन वापरलेल्या मालात मिळाल्यास दोनाचे चार गाभे होतात. त्याआधी एसएसडी बसवावी, रॅम वाढवावी. मंदपणाचे मूळ बहुधा तिथेच असते. सुरक्षेसाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे.

नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराचे आजचे काळ्या दगडाचे मंदिर जुन्या देवळाच्या जागीच उभारले. स्थान तेच, वास्तू नवी, ही रीत आपल्या परिचयाची आहे. मदरबोर्ड हे संगणकाचे स्थान होय. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापतात. तद्वत हे सॉकेट किती वर्षे नवे प्रोसेसर स्वीकारील, हे मदरबोर्डाच्या खोक्यावर छापणे बंधनकारक व्हावे. यंत्र केव्हा जीर्ण झाले, हे ठरविण्याचा अधिकार ते वापरणाऱ्याचा आहे, विकणाऱ्याचा नव्हे.