डॉक्टरांना शिकू द्या, मेडिकलवाल्यांना विचारा

बोंडगाव, कालवड, हिंगणा. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या या गावांत डिसेंबर २०२४ मध्ये लोकांच्या डोक्याला खाज सुटू लागली. मग केस हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागलं. संशय आधी पाण्यावर गेला, मग बुरशीच्या संसर्गावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक येऊन गेलं. तिकडे महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः चौकशीला आले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी नमुने तपासून घेतले, घराघरातल्या गव्हापर्यंत माग काढला आणि रेशनच्या गव्हातलं जास्तीचं सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला. रुग्णांच्या शरीरात जस्तही कमी असल्याचं त्यांनी सांगितलं.

तुमच्या गावचे डॉक्टर कॉलेजात होते तेव्हा सेलेनियमची विषबाधा पुस्तकात फार तर चार ओळींची असेल. ती आपल्याच तालुक्यात पाहावी लागेल, असं कुणाला वाटणार? यात त्यांचा दोष नाही. पण डिग्री मिळाल्यावर ते शिकत राहिले की नाही, याच्याशी तुमच्या-माझ्या जिवाचा संबंध आहे.

याच बावस्करांचं विंचवाचं काम बघा. लाल विंचू चावलेला माणूस फुप्फुसात पाणी भरून दगावायचा. त्यावर ‘प्राझोसिन’ ही रक्तदाबाची साधी गोळी चालते, हे त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगाला सांगितलं. पुढे २०११ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची प्रतिलस दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो. ज्यानं उपचार शोधला त्यानंच पंचवीस वर्षांनी त्यात भर घातली. मग १९८६ वर थांबलेल्या डॉक्टरकडे आपण रात्री विंचू चावलेलं पोर घेऊन जायचं का?

महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नियम आहे: डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ते मिळतात सीएमईमधून, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांतून आणि शिबिरांतून. फार्मासिस्टनाही पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. कागदावर हे ठीक आहे. पण हॉलमध्ये सही करून जेवून परत येणाराही पॉइंट घेऊन येतो, आणि हे बदलण्याचं बळ परिषदेपेक्षा रुग्णाकडे जास्त आहे असं माझं ठाम मत आहे.

कारण शिकून आलेल्या डॉक्टरला जुन्याकडे परत ओढतो तो आपणच. ‘डॉक्टरसायब, सुई मारा ना’, ‘लय अशक्तपणा आला, एक सलाईन चढवा’. डॉक्टर म्हणतात, ताप व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको, पाणी प्या, आराम करा. आपण तोंड वाकडं करतो आणि शेजारच्या दवाखान्यात जातो. तिथं सलाईन लागते. दोन-चार रुग्ण असे गेले की पहिले डॉक्टरही सुई काढतात, शिकलेलं मागे पडतं. कृपा करून हे थांबवा. गोळ्या न देता पाठवणाऱ्या डॉक्टरची फी आनंदानं द्या. त्यांनी तुम्हाला त्यांचा अभ्यास दिलेला असतो.

ऑक्टोबर २०२५ विसरू नका. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक मुलं गेली, त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत. बाटलीत डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, ते डॉक्टरला डोळ्यांनी दिसणारं नव्हतं. पण त्या औषधातली क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळवलं होतं. तो कागद वाचलेल्या डॉक्टरनं आणि फार्मासिस्टनं अडीच वर्षांच्या बाळाला ती बाटली दिलीच नसती. म्हणून लहान मुलाच्या सर्दी-खोकल्याला औषध घेताना वय सांगा आणि स्पष्ट विचारा, ‘हे या वयाला चालतं का?’

मेडिकलमध्येही असंच. भिंतीवर फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र असतं. ते वाचा आणि ती व्यक्ती दुकानात आहे का ते बघा. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका, ‘दोनच द्या’ असंही म्हणू नका. घरात म्हाताऱ्या आईला बीपीच्या गोळ्या एका डॉक्टरच्या आणि गुडघ्याच्या दुसऱ्याच्या चालू असतील, तर सगळी पाकिटं पिशवीत घालून काउंटरवर मांडा. दुखण्याच्या कुठल्या गोळीनं बीपी वाढतो, किडनीवर ताण येतो, हे चांगला फार्मासिस्ट तिथल्या तिथे सांगतो. न सांगणाऱ्यालाही चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पुस्तक उघडावं लागतं.

बुलढाण्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. तिथल्या प्राध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांसाठी आणि तालुक्यातल्या औषध दुकानदारांसाठी साप, विंचू, फवारणीची विषबाधा यांवर पावसाळ्याआधी वर्ग घ्यावेत, ही मागणी ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत मांडा, ठराव लिहून घ्या. आणि एखाद्या रविवारी दवाखान्यावर ‘सीएमईसाठी बंद’ अशी पाटी दिसली, तर चिडू नका. तातडीचं असेल तर ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ आहे. नसेल तर सोमवारी या, आणि काल काय नवीन शिकलात, तेही डॉक्टरांना विचारा.